पहिली कुदळ पडण्याआधी

रस्ता, धरण, लोहमार्ग किंवा सरकारी कचेरी उभारायची ठरली की जमिनीचा उतार, मातीची धारणक्षमता, भूसंपादनाचा मोबदला आणि पाण्याचा निचरा यांचा हिशेब आराखड्याच्या पहिल्या पानापासून मांडला जातो. परंतु त्याच जमिनीवर किंवा तिच्या पोटात मागच्या पिढ्यांनी काय ठेवून दिले आहे याची चौकशी करणे, हे आपले काम आहे असे फार थोड्या सरकारांनी मानले. अमेरिकेने १९६६ मध्ये ‘राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा’ करून ही चौकशी केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्यावर बंधनकारक केली. या कायद्याचे कलम १०६ मोजक्या शब्दांचे आहे. ज्या खात्याच्या पैशाने, परवान्याने किंवा मंजुरीने एखादे काम होणार असेल, त्या खात्याने पैसा खर्च होण्यापूर्वी किंवा परवाना दिला जाण्यापूर्वी त्या कामाचा ऐतिहासिक मालमत्तेवर होणारा परिणाम विचारात घ्यावा आणि ऐतिहासिक जतन सल्लागार परिषदेला त्यावर मत देण्याची वाजवी संधी द्यावी, एवढेच ते सांगते. वास्तू पाडू नका असे हे कलम कोठेही म्हणत नाही. नीट पाहून, विचारून, कारणे नोंदवून खात्याने शेवटी ती पाडायचेच ठरवले, तर या कलमाच्या आधारे त्याला रोखता येत नाही. त्यामुळे या व्यवस्थेचा सारा भार शोधण्यावर आणि पारखण्यावर येऊन पडतो. जे सापडलेच नाही किंवा सापडूनही बिनमहत्त्वाचे ठरले, त्याचा विचार करण्याचा प्रसंगच पुढे येत नाही.

असा कायदा करण्याची वेळ आली ती सरकारच्याच करणीमुळे. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांतील जुन्या वस्त्या पाडून नव्याने बांधण्यासाठी केंद्राचा पैसा उपलब्ध झाला, तर १९५६ च्या कायद्याने सुमारे ६६,००० किलोमीटर लांबीच्या आंतरराज्य महामार्गांची आखणी मंजूर झाली, आणि या दोन योजनांनी मिळून अनेक शहरांची जुनी पेठ उभी चिरली. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, बेकार वास्तुविशारदांना काम देण्यासाठी जुन्या इमारतींची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे तयार करण्याचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला होता. त्यात नोंदलेल्या सुमारे १२,००० वास्तूंपैकी जवळजवळ निम्म्या १९६६ पर्यंत नष्ट झाल्या होत्या, हे त्या वर्षी महापौर परिषदेच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या अहवालातून लोकांसमोर आले. एका खात्याने ज्यांची कागदावर नोंद करायची, त्याच वास्तू दुसऱ्या खात्याच्या पैशाने जमीनदोस्त व्हायच्या, असा हा कारभार होता. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली.

मूळ कायद्यात मात्र एक मोठी फट राहिली होती. कलम १०६ चे संरक्षण फक्त ‘ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवही’त आधीच समाविष्ट झालेल्या स्थळांना लागू होते, आणि ही नोंदवही तर नुकतीच कोठे उघडली होती. प्रकल्पाच्या अभियंत्याने यादी चाळायची, नाव दिसले नाही की पुढच्या कामाला लागायचे, इतके ते सोपे होते. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने नोंदवहीत असलेल्या स्थळांच्या जोडीला नोंदवहीत येण्यास ‘पात्र’ असलेली स्थळेही कलमाखाली आली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाने कामाचे स्वरूपच पालटले, कारण कोणते स्थळ पात्र आहे हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. ते जागेवर जाऊन, खणून, विचारून आणि तपासून ठरवावे लागते, आणि हे करण्याची जबाबदारी प्रकल्प करणाऱ्या खात्याची असते. आज अशी तपासणी दरवर्षी लाखाहून अधिक कामांच्या बाबतीत होते, आणि त्यातली बहुसंख्य प्रकरणे कोणाच्या कानावरही न येता निकाली निघतात.

प्रक्रियेची सुरुवात परिणामक्षेत्र आखण्यापासून होते. परिणामक्षेत्र म्हणजे केवळ खोदकामाची हद्द नव्हे. नव्या उंच पुलामुळे ज्या टेकडीवरून दिसणारे दृश्य बदलेल ती टेकडी, बांधकामाचे हादरे ज्या जुन्या भिंतींपर्यंत पोहोचतील त्या भिंती आणि वाहतूक वाढल्याने ज्या वस्तीचे रूप बदलेल ती वस्ती, या सर्वांचा त्यात समावेश होऊ शकतो. त्यानंतर जुने नकाशे, जमिनीचे दस्तऐवज, विमा कंपन्यांसाठी काढलेले शहरांचे आराखडे आणि पूर्वीच्या सर्वेक्षणांचे अहवाल धुंडाळले जातात, प्रत्येक राज्यात नेमलेल्या राज्य ऐतिहासिक जतन अधिकाऱ्याशी विचारविनिमय होतो आणि मग पुरातत्त्वज्ञ शेतात उतरतात. गवताखाली काहीच दिसत नसलेल्या जमिनीवर ठरावीक अंतराने, पुष्कळदा १५ ते ३० मीटरवर, फावड्याने चाचणीखड्डे घेतले जातात. खड्ड्यातली माती पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळली जाते. चाळणीवर गारगोटीचा छिलका, खापराचा तुकडा, हाताने ठोकलेला खिळा किंवा मातीच्या चिलमीच्या नळीचा टवका राहिला तर तो पिशवीत जातो आणि पिशवीवर खड्ड्याचा क्रमांक व खोली लिहिली जाते. मातीच्या थरांचे रंग प्रमाणित रंगपुस्तिकेशी ताडून टिपले जातात. ज्या खड्ड्यात काहीही मिळाले नाही त्याचीही नोंद तितक्याच निगुतीने होते, कारण ‘येथे काही नाही’ हेदेखील पुराव्यानिशी सांगावे लागते. खड्ड्यांच्या ओळीत एकाजागी वस्तू सापडू लागल्या तर तेथे मोठे चौकोन आखून दुसऱ्या टप्प्याचे उत्खनन होते, आणि त्यातून त्या जागेचे मोल ठरवले जाते.

मोल ठरवण्याच्या कसोट्या चार आहेत. स्थळाचा संबंध इतिहासातील एखाद्या महत्त्वाच्या घडामोडीशी असावा, किंवा महत्त्वाच्या व्यक्तीशी असावा, किंवा एखाद्या काळाची, शैलीची वा बांधणीच्या पद्धतीची ओळख त्यात ठळकपणे दिसावी, किंवा त्यातून भूतकाळाविषयी महत्त्वाची माहिती मिळण्याची शक्यता असावी. यांपैकी एक कसोटी उतरली तरी पुरे. चौथी कसोटी मुख्यतः पुरातत्त्वीय स्थळांसाठी आहे आणि तिच्यामुळेच डोळ्यांना काहीही न दिसणारे माळरानही ऐतिहासिक मालमत्ता ठरू शकते. यांतली एखादी कसोटी लागू झाल्यावर आणखी एक परीक्षा उरते, ती म्हणजे स्थळाचे मूळ रूप कितपत शाबूत आहे याची. जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, त्या ठिकाणी जाणवणारा काळ आणि इतिहासाशी असलेले नाते, अशा सात अंगांनी हे पाहिले जाते. साळावली धरणासाठी बुडवलेल्या गोव्याच्या कुर्डी गावातील महादेवाचे मंदिर पुरातत्त्व खात्याने चिरा न् चिरा सोडवून धरणाजवळ पुन्हा उभे केले. अमेरिकी कसोटीने अशा मंदिराची रचना, साहित्य आणि कारागिरी टिकली असे म्हणता येईल, परंतु जागा आणि परिसर ही दोन अंगे गेली, आणि म्हणूनच मूळ ठिकाणाहून हलवलेल्या वास्तूंना नोंदवहीत सहसा प्रवेश मिळत नाही, मिळाला तर अपवाद म्हणून.

स्थळ सर्वसाधारणपणे ५० वर्षांहून जुने असावे असाही संकेत आहे. या संकेतामुळे एक मजेशीर पेच उभा राहिला. १९५६ मध्ये मंजूर झालेले आणि जुन्या पेठा चिरत गेलेले आंतरराज्य महामार्ग २००६ मध्ये स्वतःच पन्नाशीला पोहोचणार होते, आणि मग रस्त्याची प्रत्येक दुरुस्ती ही ऐतिहासिक मालमत्तेतील ढवळाढवळ ठरण्याची भीती निर्माण झाली. अखेर सल्लागार परिषदेने २००५ मध्ये, राष्ट्रीय महत्त्वाचे काही पूल, बोगदे आणि रस्त्याचे विशिष्ट भाग वगळून, या संपूर्ण जाळ्याला तपासणीतून सूट दिली.

ही चौकट कागदावर कितीही चोख असली तरी शोधणाऱ्याच्या मनातील गृहीतके तिला कशी पोखरतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमधील आहे. केंद्र सरकारच्या इमारतींचे व्यवस्थापन पाहणाऱ्या सामान्य सेवा प्रशासनाने तेथे ब्रॉडवे रस्त्यालगत ३४ मजली कार्यालय बांधायचे ठरवले. कलम १०६ नुसार कागदोपत्री अभ्यास झाला आणि अठराव्या शतकाच्या मध्यातील नकाशांवर त्याच जागी कृष्णवर्णीयांची दफनभूमी दाखवलेली आढळली. म्हणजे स्थळ सापडले नाही असे झाले नव्हते. परंतु एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत तेथे उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खोल तळघरांनी दफने केव्हाच नष्ट केली असणार, फार तर इमारतींमधल्या बोळाखाली थोडीफार उरली असतील, असा निष्कर्ष काढण्यात आला. संबंधित यंत्रणांमध्ये करारनामाही झाला, १९९० मध्ये सरकारने जमीन शहराकडून विकत घेतली आणि बांधकामाचे वेळापत्रक ठरले.

१९९१ मध्ये प्रत्यक्ष खोदकाम सुरू झाले तेव्हा हाडे लागू लागली, आणि ती एकापाठोपाठ एक लागतच राहिली. झाले होते असे, की दफनभूमीची जमीन पूर्वी एका घळीकडे उतरत गेलेली होती. १७९४ नंतर दफने थांबली आणि शहर वाढू लागल्यावर ही घळ भराव टाकून सपाट करण्यात आली. त्यामुळे अनेक दफने आजच्या रस्त्याच्या पातळीपासून १६ ते २८ फूट खाली गेली होती आणि वरच्या तळघरांचा तळ त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. ज्या भरावाने दफनभूमी लोकांच्या विस्मृतीत गाडली गेली, त्यानेच तिचे रक्षण केले. जुन्या नकाशावरील जमिनीची मूळ पातळी आणि तळघरांची खोली ही दोन मापे शेजारी शेजारी मांडली असती तर हे आधी लक्षात येण्यासारखे होते, आणि म्हणून या प्रकरणातील चूक दृष्टीआड राहिलेल्या गोष्टीची नसून न केलेल्या वजाबाकीची होती, असे म्हणावे लागते.

त्यानंतरचा घटनाक्रम घाईचा होता. इमारतीचे काम सुरू असतानाच दफने उचलली जात होती, आणि १९९२ च्या फेब्रुवारीत पायाचे काम करताना काही दफने यंत्राखाली उद्ध्वस्त झाली. शहरातील आफ्रिकी-अमेरिकी समाजाने जागेवर प्रार्थना, निदर्शने आणि जागरणे सुरू केली. आपल्या पूर्वजांच्या अस्थींविषयी निर्णय घेताना आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती, आणि तिला उत्तर देणे प्रशासनाला जड गेले. शहराचे तत्कालीन महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी हस्तक्षेप केला, संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि १९९२ च्या जुलैमध्ये उत्खनन थांबले. मुख्य मनोरा उभा राहिला, पण त्याला जोडून होणारी कमी उंचीची इमारत रद्द झाली.

उचललेले ४१९ व्यक्तींचे अवशेष अभ्यासासाठी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, मायकेल ब्लेकी या मानवशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली गेले. स्नायू हाडांना जेथे जोडलेले असतात तेथे अतिकष्टाने झालेल्या इजा, आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे मुद्दाम घासून आकार दिलेले दात, एका स्त्रीच्या कमरेभोवती आढळलेली शंभराहून अधिक मण्यांची माळ आणि लहान मुलांच्या अवशेषांचे मोठे प्रमाण, यांतून एक गोष्ट निर्विवाद झाली, की गुलामगिरी ही दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांपुरती नसून न्यूयॉर्क शहरही तिच्याच खांद्यांवर उभे राहिलेले आहे. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख जेमतेम होता. त्या सुमारे साडेसहा एकरांच्या दफनभूमीत १५,००० पर्यंत लोक पुरलेले असावेत असा अंदाज आहे. १९९३ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली, २००३ मध्ये घानामध्ये कोरलेल्या लाकडी पेट्यांतून सर्व अवशेष त्याच जागी पुन्हा पुरण्यात आले आणि २००६ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. कामास आरंभ करण्यापूर्वीच्या अहवालात हीच जागा ‘बहुधा नष्ट’ या सदरात मोडत होती.

कागदपत्रांत काय शोधावे हा जसा एक प्रश्न, तसा कोणाला विचारावे आणि कसे विचारावे हा दुसरा. न्यू मेक्सिकोतील सांडिया पर्वतात लास व्हेर्तास नावाची दरी आहे आणि तेथील रस्ता सुधारण्याची योजना वनखात्याने आखली होती. खात्याने आसपासच्या आदिवासी जमातींना पत्रे पाठवून त्यांच्या पारंपरिक स्थळांची नेमकी जागा, तेथे होणारे विधी, त्यांची वेळ आणि वारंवारता कळवण्यास सांगितले. कोणीही असा तपशील कळवला नाही आणि खात्याने दरीत पारंपरिक महत्त्वाचे स्थळ नाही असा निष्कर्ष काढला. वास्तविक सांडिया पुएब्लो जमातीच्या ज्येष्ठांनी दरीत देवस्थाने असल्याचे आणि विधींसाठी लागणाऱ्या वनस्पती तेथून नेल्या जात असल्याचे सांगितले होते. गुप्त ठेवायच्या स्थळांचा पत्ता सरकारी अर्जात भरून देणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते, इतकेच. प्रकरण केंद्रीय अपील न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसते पत्र पाठवणे म्हणजे शोधाचा ‘वाजवी आणि प्रामाणिक’ प्रयत्न नव्हे, विशेषतः स्थळ असण्याची दाट शक्यता दाखवणारी माहिती खात्याच्या हाती असताना. ही माहिती राज्याच्या जतन अधिकाऱ्यापासून त्याची संमती मिळेपर्यंत दडवून ठेवल्याबद्दलही न्यायालयाने खात्याला दोष दिला. या दोन शब्दांवर, वाजवी आणि प्रामाणिक, तेव्हापासून कितीतरी वकिलांची पोटे भरली असतील.

जमातींचे हे स्थान कायद्यात हळूहळू पक्के झाले. १९९० च्या एका मार्गदर्शिकेने, जिवंत समाजाच्या श्रद्धा आणि चालीरीती ज्यांत गुंतलेल्या आहेत अशी डोंगर, झरे किंवा वनस्पती गोळा करण्याची ठिकाणेही नोंदवहीस पात्र ठरू शकतात हे सविस्तर मांडले, आणि १९९२ च्या दुरुस्तीने जमातींशी विचारविनिमय बंधनकारक केला. स्थळाचा ठावठिकाणा जाहीर झाल्यास त्याला धोका असेल तर तो गुप्त ठेवण्याची मुभाही कायद्यात आहे.

प्रतिकूल परिणाम होणार असे ठरल्यावर तो टाळण्याचा, कमी करण्याचा किंवा त्याची भरपाई करण्याचा मार्ग खात्याने संबंधितांशी बोलून शोधायचा असतो. कधी कामच मागे घेतले जाते. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच वस्तीसमोर, मिसिसिपीच्या काठाने जाणारा उन्नत महामार्ग १९६९ मध्ये परिवहनमंत्री जॉन व्होल्पी यांनी रद्द केला, त्यामागे नव्या परिषदेचे प्रतिकूल मत होते. बहुतेक वेळा मात्र तडजोड मोजमापे, छायाचित्रे आणि एक माहितीफलक यांवर होते, आणि वास्तू जाते. कायद्याची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्याची पकड केंद्राच्या पैशाशी किंवा परवान्याशी बांधलेली असल्याने, सुमारे १,९०० किलोमीटर लांबीच्या डाकोटा तेलवाहिनीचा बहुतांश मार्ग खासगी जमिनीतून जात असताना लष्कराच्या अभियंता दलाने प्रामुख्याने नद्या-जलाशय ओलांडण्याच्या जागांपुरतीच तपासणी आपल्या कक्षेत मानली, आणि २०१६ मध्ये स्टँडिंग रॉक या आदिवासी राखीव क्षेत्राजवळ पेटलेल्या संघर्षाला पाण्याच्या प्रश्नाबरोबर हेही एक कारण होते.

भारतात व्यवस्थेची घडण निराळी आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली श्रेणीवार यादीवर उभी राहिली. आणि २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतील अर्जात प्रकल्पाजवळ कायद्याने संरक्षित क्षेत्रे आहेत काय, असे विचारलेले आहे. तिन्ही ठिकाणी विचारणा सुरू होते ती यादीपासून, म्हणजे अमेरिकेत १९७६ पूर्वी जशी होती तशी. नागार्जुनसागर धरणापूर्वी १९५४ पासून नागार्जुनकोंड्याचे सविस्तर उत्खनन झाले खरे, पण ते त्या वेळच्या निर्णयामुळे. प्रत्येक प्रकल्पकर्त्याला यादीबाहेरचे शोधायला लावणारे सर्वसाधारण कलम त्यामागे नव्हते.

याचा अर्थ काय होतो हे राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर दिसते. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली माणसे, हत्ती, मासे आणि भौमितिक आकृती, म्हणजेच कातळशिल्पे, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ठाऊक होती, परंतु अशा कातळाची महसुली दप्तरातली ओळख बहुधा ‘पोटखराब’ एवढीच. त्यांची पद्धतशीर मोजदाद झाली ती मुख्यतः रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या कार्यकर्त्यांनी केलेल्या पायपिटीमुळे, आणि ती कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालासाठी केलेली नव्हती. २०२२ मध्ये बारसूसह महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. त्याच वर्षी याच परिसराचे नाव तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीही पुढे आले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाची यंत्रे पोलीस बंदोबस्तात सड्यावर पोहोचली. संभाव्य यादीतील नोंदीमुळे देशातील कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही. कलम १०६ सारखी तरतूद असती तर चित्रांच्या कडेपासून किती अंतर सोडायचे, हादरे आणि धूर यांचा कोरीव रेषांवर काय परिणाम होईल, सड्यावरून वाहणारे पाणी कोणत्या वाटेने वळेल आणि अजून न सापडलेली चित्रे मातीच्या थराखाली कोठवर पसरली असतील, यांची लेखी उत्तरे परवानगी देण्यापूर्वी संबंधित खात्याला द्यावी लागली असती. बारसूत हे प्रश्न ग्रामस्थ आणि अभ्यासक विचारत होते.